कूलरखालची चकती

तासगाव, मंगळवार, संध्याकाळी सात

बेदाणावाल्या मालनताईंचा कॉम्प्युटर आज उघडला. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिकची चकती तशीच चिकटलेली. ती बसवण्याआधी सोलून काढायची असते, हे मी दुसऱ्यांना शिकवतो. आणि हा कूलर दोन महिन्यांपूर्वी बसवला मीच. प्रोसेसर तापून मशीन सारखं बंद पडत होतं, ते त्या चकतीमुळं.

आणि पहिल्यांदा तक्रार आली तेव्हा मी काय सांगितलं होतं? तेही मशीन न उघडता. "बेदाण्याला गंधकाची धुरी देता, त्या शेडात ठेवल्यावर दुसरं काय होणार?" बाईंनी ऐकलं, मशीन घरात हलवलं. तेव्हापासून पेट्यांची लेबलं छापायला दिवसभर शेडातून घरी, घरातून शेडात. दुखऱ्या गुडघ्यांनी.

आज चकती काढली, उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, तासभर चालवून बघितलं. तापमान पंचाण्णव अंशांवरून बावन्नवर. त्यांनी विचारलं, "आता शेडात न्हेऊ का रं भाऊ?" चकती माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "नको, गंधक वाईट." आधीची चूक होती, पण हे तर ठरवून बोललो. कशासाठी? कुणाकडं न शिकता शिकलो म्हणून मिरवतो, त्यासाठी?

आत्ता फोन केला. "ताई, मशीन शेडात न्या. गंधकाचा दोष नव्हता, माझा होता. एक प्लास्टिक काढायचं राहिलं माझ्याकडून."

त्या म्हणाल्या, "मग माज्या गुडघ्यांनी तुझं काय घोडं मारलं व्हतं रं?"

उद्या मशीन मीच उचलून शेडात नेणार. चकती या पानाला लावतोय. अजून चांगली चिकटते.