मिठाईच्या व्हॅनवरचा लाल क्रॉस

बाबा, शिंदे की छावनीत एका पांढऱ्या व्हॅनसमोर उकिडवा बसलोय आणि हात चालत नाहीये. मी ग्वाल्हेरला परत आलोय, हे आधी सांगायला हवं होतं. इंदूर झालं, झाशी झालं, मधे थोडे दिवस एका ढाब्यावरही होतो. कुठेच टिकलो नाही, शेवटी तुमचेच ब्रश काढले. हे पहिलंच काम. व्हॅन मिठाईवाल्याची. तो म्हणाला, "भैया, दोन्ही बाजूंना लाल क्रॉस काढ. जाम में कोई रोकेगा नहीं." मी विचारलं, आत पेशंट असणार का? तर हसला, "पेशंट नहीं, पेठा रहेगा."

तेव्हापासून दाना ओलीतलं आपलं बोर्ड रंगवायचं दुकान डोळ्यांसमोरून हलत नाही. एका डॉक्टरांनी दवाखान्याच्या बोर्डावर लाल क्रॉस मागितला, तुम्ही हिरवा देतो म्हणालात, ते दुसऱ्या पेंटरकडे गेले. आई पोळी लाटता लाटता म्हणते, "आज त्या क्रॉसचीच भाजी करू का?" तुम्ही खाली मान घालून जेवताय. आणि मी, त्याच आठवड्यात, सायकलवर लाल क्रॉस रंगवला. तुम्ही थिनरचा बोळा माझ्या हातात दिलात. "पूस. मग सांगतो." पुसल्यावर सांगितलंत, फौजेत असताना तुम्ही नाल्यात जखमी पडला होतात. दोन जवान दंडावर ते चिन्ह बांधून, स्ट्रेचर घेऊन उघड्यावर आले, आणि समोरून गोळीबार थांबला. "दुश्मनच होता रे. क्रॉस बघून थांबला. उद्या कोणी त्या खुणेआड भलतंच काही नेलं, तर पुढच्या जखमीसाठी कोण थांबेल?" मी सायकलकडे बघत होतो, अर्धंच ऐकलं.

हल्ली फोनवर कुठल्या ना कुठल्या लढाईचे व्हिडिओ येतात. परवा एक जळालेली ॲम्ब्युलन्स पाहिली, छतावर एवढा मोठा क्रॉस. चहा तसाच राहिला. तिथेच कोणी थांबत नाही, तर मी इथे काय राखतोय? ग्वाल्हेरच्या जाममधे कोण गोळी घालतंय? असं म्हणून ब्रश उचलतो, आणि तो समोरचा, ज्याचं तोंडही तुम्ही पाहिलं नाहीत, आठवतो. तो थांबला म्हणून मी आहे.

मालक मघाशी येऊन गेला. तुम्ही सरळ नाही म्हणाला असतात. मी म्हणालो, लाल संपलाय. "कल मैं ला दूँगा," म्हणाला. आता हे लिहिलेल्या कागदालाच थिनरमधला ब्रश पुसून टाकणार आहे. लालचा डबा माझ्या मागेच आहे, बाबा. झाकणसुद्धा उघडलेलं नाही.