पुलावरचे एकशे बत्तीस

दि. ४, सोमवार

चि. भिंगरीस, मावशीचे अनेक आशीर्वाद आणि सोबत थोडा राग.

कालच्या वर्तमानपत्रात तुमच्या साथ-विभागाचा नकाशा पाहिला. नदीच्या अलीकडचं आमचं गाव लालभडक, पलीकडचं पांढरंशुभ्र, आणि मधल्या पुलावर म्हणे माणूस फिरकतच नाही! त्या जोरावर दोन महिने बंद असलेलं पलीकडचं शुश्रूषागृह अठरा तारखेला भेटीसाठी उघडणार. खाली तुझी सही. कोण करतं ही गणितं? माझ्या खिडकीतून रोज पहाटे पावणेसहाला पडदे लावलेल्या तीन बसगाड्या पूल ओलांडताना दिसतात. त्यांतून काय वारा नेतात?

तिथे ताई आहे. तुझी आई म्हणून नव्हे, माझी मोठी बहीण म्हणून विचारते: तिच्या त्या अर्ध्यामुर्ध्या फुप्फुसांना हा ताप झेपेल का? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये गणित चुकलं की सिस्टर ते फळ्यावर स्वतःच्या हातानं, नावासकट लिहायला लावायच्या. तुमच्या ऑफिसात फळा आहे का?

फोन करू नकोस. त्यात मला तुझ्याऐवजी भुंगा ऐकू येतो. पत्र लिही आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मावशी

दि. ७, गुरुवार

ती. मावशीस कान पकडून सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. साहेब म्हणाले की या बाईंना कामावर घ्या, आपण सगळे घरी जाऊ.

गणित सोपं आहे. ताप स्वतःच्या पायानं चालत नाही, माणसाबरोबर जातो. कुठल्या गावातून कुठल्या गावात रोज किती माणसं जातात हे कळलं, तर तो कुठे कधी पोचेल याचा अंदाज बांधता येतो. माणसं मोजायची खिशातल्या फोनवरून. नावं आम्हाला दिसत नाहीत, नुसते ठिपके. तुमच्या पुलावरून दिवसाला अकरा ठिपके जातात. तुझ्या गाड्यांत खोकी असतील गं. एक खिडकी म्हणजे सगळं गाव नव्हे.

तुझा ठिपका मात्र मला नावासकट दिसतो, तूच दिलेल्या परवानगीनं. सदान्‌कदा घरात! त्यामुळे तुझ्यापुरती तरी मी निर्धास्त आहे. अठराला मी येते, दोघी मिळून आईला भेटू.

लोभ आहेच, रागही असू दे.

तुझी भिंगरी

दि. १०, रविवार

चि. भिंगरीस आशीर्वाद, मागच्यापेक्षा जरा कमी.

एक खिडकी म्हणजे गाव नव्हे, हे तू मला शिकवतेस! बत्तीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं लावली मी. कुठली माणसं कुठे कधी जातात हे लिहून मी पोट भरत होते, तेव्हा तू रांगत होतीस.

तुझ्या उत्तराची वाट न बघता तीन दिवस स्टूल घेऊन पुलाच्या तोंडाशी बसले. तिथल्या नाक्यावर बसगाड्या थांबतात. पडदे सारायला लावून डोकी मोजली. रोज एकशे बत्तीस. आपल्याकडच्या कपड्यांच्या कारखान्यातल्या बाया. त्यांच्यातल्या एका शिवणारणीनं सांगितलं ते ऐक. नव्या कपड्यांचे फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून फाटकावर पहारेकरी सगळ्यांचे फोन काढून घेतो, लाकडी खणांत ठेवतो आणि हातात पितळी बिल्ला देतो. मग बाया बसमध्ये बसून पलीकडच्या शेडमध्ये जातात, संध्याकाळी परत येतात. तुझे ठिपके दिवसभर खणात लोळतात आणि बाया नदीपार! त्यांतल्या सहाजणी दुपारच्या सुट्टीत ताईच्या शुश्रूषागृहात लादी पुसतात.

आणि माझा ठिपका? तो फडताळात, जुन्या चष्म्याशेजारी. मी पुलावर होते.

डेपोतल्या ड्रायव्हरबरोबर हे पाठवते आहे, पोस्टाची वाट बघायला वेळ नाही. अक्कल वापर, लोभ आपोआप राहील.

तुझी मावशी

दि. १२, मंगळवार

ती. मावशीस नमस्कार.

अकरा वेळा फोन केला. शेवटी हे पत्र त्याच ड्रायव्हरकाकांच्या हाती देते आहे.

तुझं बरोबर आहे. अकराच्या जागी एकशे बत्तीस घालून गणित पुन्हा केलं. ताप पलीकडे आठवड्यापूर्वीच पोचला असावा असं उत्तर येतं. साहेब म्हणाले की कुणा आजीबाईंच्या मोजणीवर हुकूम फिरवता येत नाही, कारखान्याचं लेखी उत्तर येऊ दे. ते येणार वीसला. दार उघडणार अठराला. शुश्रूषागृहाच्या मेट्रनबाई म्हणतात की हुकूम आणा, मग बघू. सही माझी आहे, मावशी.

मोजणीची वही पाठव. आणि पूल ओलांडू नकोस, त्या बायांजवळ बसूही नकोस. तू बरी आहेस ना? एवढंच लगेच कळव.

तुझी भिंगरी

दि. १४, गुरुवार

चि. भिंगरीस आशीर्वाद. आज राग तुझ्यावर नाही.

वही देते आहे. काकांना लांबूनच दिली. आता फळ्यावर लिहायची पाळी माझी.

तुझं पत्र यायच्या आधीच, सोमवारी, मी त्या बसमध्ये चढले होते. खात्री करायला, असं स्वतःला सांगितलं. खोटं. ताईला दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं. सहाजणींच्या मागोमाग धोबीखान्याच्या दारानं आत शिरले आणि अर्धा तास तिचा हात धरून बसले. तिनं विचारलं की तुला सोडलं कोणी, तर मी म्हटलं की मला अडवणारा अजून जन्माला यायचाय. केवढी मी शहाणी!

परवा घसा धरला. आज अंगात एकशे दोन ताप आहे.

सकाळी मेट्रनबाईंना फोन केला, भुंग्यासकट. एकशे बत्तीसचा आकडा त्यांनी ऐकला आणि हुकूम मागितला. मग सांगितलं की सोमवारी तुमच्या सात नंबरच्या खोलीत चोरून शिरून बसले होते ती मी, आणि मला हाच ताप आहे. दहा मिनिटांत दारं बंद. आता कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही, अठराला तर नाहीच. तपासणीत दोघी तापानं फणफणलेल्या निघाल्या. एक ताईच्याच शेजारच्या खाटेवरची, आणि तिचा ताप शनिवारपासूनचा, मी शिरण्याआधीचा. तुझ्या साहेबांना माझी वही नको असेल तर हे दोन ताप दाखव. ताईला अजून काही नाही. अजून.

वहीच्या शेवटच्या पानावर एकशे बत्तीस खोडून एकशे तेहतीस केले आहेत. शेजारी माझं नाव आहे.

मला न्यायला इस्पितळाची गाडी येते आहे. फोन गळ्यात अडकवला आहे. ठिपका हलेल, घाबरू नकोस. तो परत फडताळाशी येईपर्यंत डोळा ठेव आणि लोभही.

तुझी मावशी