ताजे पाय

प्रिय ताईस, धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे. जेवण वेळेवर मिळतं.

तू विचारलंस, आमचा संघ दरवर्षी बाद फेरीतच कसा चमकतो? त्याचं असं आहे, भरवशाच्या खेळाडूंना कोच साखळी सामन्यांत बसवून ठेवतात. तेव्हा धावतो आम्ही. बाद फेरीला त्यांचे पाय ताजे असतात, आमचे संपलेले. परवा गुडघ्याला बर्फ लावून बसलो होतो, तर कोच म्हणाले, "शाब्बास पठ्ठ्या! तुझं काम झालं." पुढच्या वर्षीच्या यादीत माझं नाव नाही.

आईला एवढंच सांग, की संघ अंतिम फेरीत पोहोचला. तिची कंबर कशी आहे? आणि यंदा माझं अंथरूण खालच्याच खोलीत घाल, जिना चढवत नाही. तिने विचारलं, तर वर उकडतं म्हणून सांग.

तुझाच,
धाकटा