मोठीनं नव्हे, धाकटीनं

प्रिय ताईस,

आईनं लिहिलेल्या आठवणींचं पुस्तक छापायला चाललंय. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझा जन्म गेला, तेव्हा संपादन माझ्याकडेच आलं. पुनरुक्ती काढल्या, तारखा ताडून पाहिल्या, ऱ्हस्व-दीर्घ नीट केलं. एका वाक्यावर मात्र अडले. "मोठीनं गच्चीचं दार उघडं टाकलं आणि माझं बाळ खाली पडलं."

ते मी गुपचूप गाळलं. पण मुद्रितं वाचताना आईनं बरोब्बर पकडलं.

"हे का काढलंस गं?"

"ताईला लागेल."

"लागू दे. खरं आहे ते."

ताई, ते खरं नव्हतं. चेंडू आणायला गच्चीची कडी मी काढली होती. बाळ गेलं तेव्हा मी सहा वर्षांची होते, तू दहाची. सगळे तुझ्यावर तुटून पडले आणि तू चकार शब्द काढला नाहीस. मला पाठीशी घातलंस, की चूक आपलीच असं तुलाही वाटलं, हे विचारायची हिंमत मला चाळीस वर्षांत झाली नाही.

मी ते वाक्य परत घातलं. 'मोठीनं' खोडून वर 'धाकटीनं' लिहिलं आणि कागद आईपुढे ठेवला. तिनं ते वाक्य वाचलं.

"म्हणजे तिच्याशी इतकी वर्षं मी उगाच अबोला धरला," एवढंच म्हणाली, आणि दुरुस्तीखाली सही केली.

हे पत्र टाकणार नाही. वाचून तू माझीच समजूत घालत बसशील. पहिली प्रत आई स्वतः तुझ्या घरी घेऊन येतेय. मी खाली रस्त्यावर थांबेन. हाक मारलीस तरच वर येईन.

तुझी,
धाकटी