मांजरेवरचा पूल अन् गुलबर्ग्याचं पाणी

गुलबर्गा, १७ जानेवारी १९५४

अक्का, तुला अमृतप्पाचा शरणार्थ.

मी खुशाल आहे. शेतकरी परिषदेत प्रतिनिधींना खाट, गादी अन् दोन्ही वेळा गव्हाची गोड हुग्गी आहे. अप्पाला एवढंच वाचून दाखव. पुढलं तुझ्यापाशी ठेव.

मांजरेवरच्या पुलाचा ठराव मांडायला मला काल जेवणानंतरची वेळ दिली. नेमक्या त्याच वेळी प्रतिनिधींना किल्ला दाखवायला मोटारी निघाल्या. मंडपात सतरंज्या गुंडाळणारे दोघं म्हातारे उरले. तरी मी बोललो. पुरात नावाड्यानं नाव घातली न्हाई अन् तुझी लेक दानम्मा बाळंतपणात अलीकडच्या काठावरच गेली, हे त्यांनाच सांगितलं. एक जण म्हणाला, "अण्णा, हे आम्हाला कामून सांगायलास?"

आज समारोप झाला. अध्यक्षांनी स्टेशनाची, किल्ल्याची, तुरीच्या डाळीची तारीफ केली. पुलाचा ठराव वेळ न्हाई म्हणून पुढल्या वर्षावर गेला. पुढली परिषदबी गुलबर्ग्यालाच ठरली, कारण सगळ्यांना इथलं पाणी मानवलं.

तुझा गुडघा कसा आहे? मी परवा येतो. काळजी करू नको, सध्या नदी पायी उतरता येती.

तुझा धाकटा,
अमृतप्पा