अण्णा, कावळ्यांचं पोट भरलेलं होतं

प्रिय अण्णा,

तुमच्या वर्षश्राद्धाला सगळी वाडी जेवायला बोलवायची, हे काल पक्कं झालं. आबाकाकांनी स्वतः ओटीवर येऊन सांगितलं आणि आईनं नुसती मान हलवली. दुसऱ्यांच्या बातम्या मी रोज शांतपणे लिहितो. ही मात्र कुठे छापायची नाही, म्हणून ती तुम्हालाच कळवतो.

'सर्फिट' शिकवलात तो इंग्रजीचा तास आठवतो? फळ्यावर 'सरप्लस' आणि 'सर्फिट' शेजारी लिहून तुम्ही फरक विचारलात. आम्ही म्हटलं, दोन्ही म्हणजे जास्त. "गाढवांनो! सरप्लस म्हणजे उरलेलं. ते शेजाऱ्याला देता येतं. सर्फिट नरड्यापर्यंत आलेलं असतं, ते कुणाला देणार?" मग मूळ सांगितलंत. शब्द जुन्या फ्रेंचमधला. 'सर' म्हणजे वर, पुढचा भाग 'करणं' या अर्थाचा. करायचं त्याच्याही वर केलेलं! इंग्रजीत तो खाण्यापिण्याच्या अतिरेकाला चिकटला, पुढे लोकांनी तो स्तुतीला, उपदेशालाही लावला. पण त्यातली ओकारी काही गेली नाही, असं तुम्ही म्हणालात आणि वर्ग हसला.

तुमच्या दहाव्याला तो शब्द मी डोळ्यांनी पाहिला.

आदल्या दिवशी तोंडवलीच्या किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्याला तारले मासे इतके लागले होते की मीठ संपलं, घेणारे संपले, माडांना खत घालूनही ढीग उरले. उन्हात ते सडत होते. वाडीतला एकूण एक कावळा तिथे! चोची उघड्या टाकून बसलेले, उडायचंही जिवावर आलेलं. आणि इकडे खाडीच्या काठावर तुमचा पिंड तसाच पडून.

"दादाची इच्छा ऱ्हवली," आबाकाका म्हणाले. हात जोडून ओरडले, "दादा, पाच पक्वान्नां करतंव! शिव रे बाबा!" कावळा नाही. "बरां, वर्षसराद्धाक सगळी वाडी जेवक घालतंव!" तरीही नाही.

मी म्हटलं, "काका, कावळे तिकडे तारल्यांवर आहेत. त्यांचं पोट भरलंय."

"गप ऱ्हव! पेपरात लिवतस म्हणान तुका सगळां कळता?"

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. काकांचा शब्द मात्र सुटून गेला होता. भरल्या पोटाच्या कावळ्यांपुढे आम्ही जेवणावळ बोलून बसलो, अण्णा! तुम्ही कधी कुणाकडे काही जास्त मागितलं होतं का?

तेराव्याचं काय सांगू? दुष्काळामुळे रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळत होती, आणि इथे पानांत अर्धवट चावलेले वडे, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात बुडालेला भात, खिरीवर माशा. "माझ्या दादाची शपथ, एक घे!" म्हणत काका वाढत होते आणि माणसं तोंडावर हात धरत होती. मागच्या दारी कुत्रं ओकलं आणि तेच पुन्हा चाटू लागलं. त्या वासानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. हे सगळं तुमच्या नावानं!

आणि तुम्हीही असे कसे? कुणालाच काही सांगून ठेवलं नाहीत. निदान धाकट्या भावाला तरी 'सर्फिट' शिकवायचा होतात!

काल काका गेल्यावर आई चुलीशी बसून होती. म्हणाली, "त्येंका पानात इचारल्याशिवाय दुसरो वडो घातलेलो चलत नाय होतो." मग चुलीतलं लाकूड मागे ओढत, "माका परत ती पानां उचलूची नाय रे." एवढंच. पण तिची हलवलेली मान म्हणजे होकार नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

उद्या सकाळी आबाकाका आचाऱ्याला घेऊन येणार आहेत. मी ओटीवरच बसेन. ते चिडतील, दादाला दिलेला शब्द मोडतोस म्हणतील, कदाचित श्राद्धाला यायचेही नाहीत. तरी आचारी परत जाईल. वडे आई करेल, घरच्यांपुरते, आणि दुसरा वाढण्याआधी विचारेल. पिंड ठेवीन. कावळा भुकेला असेल तर शिवेल. नाही आला तर मी गप्प उभा राहीन, पण तुमच्या नावानं जास्तीचं एक अक्षर बोलणार नाही.

तुमचा,
वसंत