किल्ल्यावरचं पेव

तीर्थरूप आप्पांना,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून जन्मात कधी पत्र लिहिलं नाही. आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले आणि मी एकटीच गावावरच्या पडक्या किल्ल्यावर जाऊन आले. आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बुरुजामागच्या खड्ड्यातला गाळ कुणीतरी उपसलाय. वाकून पाहिलं. तोंड अरुंद, पोट मोठं. शेजारच्या गाळाच्या ढिगात ज्वारीचे काळे पडलेले दाणे. पेवच होतं, आप्पा.

तीन वर्षांपूर्वी सोलापूरहून सातवीची सहल घेऊन मी तिथं आले, तेव्हा तुम्ही शेरडं चारत होतात. हा कैदखाना, असं मी पोरांना सांगत होते. कुठल्याशा पुस्तिकेत वाचलेलं. तुम्ही काठी टेकत पुढं आलात.

"कैदखाना न्हाय बाळांनो, पेव हाय. ज्वारी साठवायचं. आत वाफ कोंडती, म्हणून आदी कंदील सोडायचा. इजला तर उतरायचं न्हाय."

मंगळवेढ्याकडची पेवं उपसण्यात तुमची हयात गेलेली. आणि मी काय म्हणाले? "बाबा, माहीत नसेल तर मधे बोलू नये." परक्या म्हाताऱ्याला म्हणतात तसं, बाबा!

तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मग पोरांकडं. "व्हय की. म्याडम शिकल्याल्या हाईत. त्या सांगत्यात त्येच खरं." आणि शेरडं हाकत निघालात.

चूक काय, कुणाचीही होते. पण एका पोरीनं विचारलं, "मॅडम, ते आजोबा कोण?" मी म्हणाले, "असेल कुणी गुराखी." तुम्ही फार लांब गेला नव्हतात. ऐकलंत का हो?

त्या शनिवारी घरी आले, तर तुम्ही माझ्या ताटात गरम भाकरी वाढलीत. एकदा तरी रागवायचं होतंत की! तुम्ही गप्प बसलात म्हणून मला हायसं वाटलं, आणि त्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते. शेरडं राखून तुम्ही मला मास्तरीण केलंत, आणि त्यांचा वास माझ्या साडीला लागेल याची मला धास्ती.

ती पोरं आता दहावीत आहेत. शाळा सोडून जायच्या आत त्यांना पुन्हा वर नेणार आहे. हसली तर हसू देत. आधी तुमचं नाव सांगेन, मग माझं पूर्ण नाव. त्यांना मी फक्त मॅडम म्हणून ठाऊक आहे.

तुमची लेक,
सुमन ज्ञानोबा